रक्ताच्या वाटा: भीमाकाठच्या प्राणिसृष्टीचा आढावा

प्राण्यांच्या शरीरात रक्त कसे फिरते, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा क्रमिक पुस्तकातील एका आकृतीपाशी उपस्थित होतो आणि तेथेच निकालात निघतो. त्या आकृतीत प्रथम माशाचे दोन कप्प्यांचे हृदय असते, मग बेडकाचे तीन कप्प्यांचे, आणि अखेरीस पक्ष्याचे व माणसाचे चार कप्प्यांचे. ती पाहून विद्यार्थ्याची अशी दृढ समजूत होते की निसर्गाने आरंभी कच्चे काम केले, मध्यंतरी ते अर्धेमुर्धे सुधारले आणि मनुष्यापाशी येऊन एकदाचे तडीस नेले. परीक्षेपुरती ही समजूत सोयीची असेल. परंतु प्राणी ज्या पाण्यात, चिखलात, बिळात वा आकाशात राहतो ते ठिकाण, प्राणवायू मिळवण्याची त्याची रीत आणि त्याच्या हालचालीचा वेग, या तीन गोष्टी ध्यानात घेतल्यावाचून त्याच्या रक्ताभिसरणाला उच्च किंवा नीच ठरवणे सर्वस्वी गैर आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या मताची शहानिशा करण्यासाठी दूरच्या अरण्यांत जाण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्याच्या दक्षिण अंगाला, भीमेच्या काठी वडगाव रासाई वसले आहे. नदी ओलांडली की दौंड तालुक्याची हद्द लागते. याच टापूत, रांजणगाव सांडसापाशी, पुण्याहून येणारी मुळा-मुठा भीमेला मिळते. काठची काळी जमीन, तीतला ऊस, उसाच्या वाढ्यावर पोसलेली दुभती जनावरे, माळावर उतरणारी धनगरांची मेंढरे आणि नदीत जाळी टाकणारे भोई, एवढ्या परिघात रक्ताभिसरणाचे जवळजवळ सगळे मुख्य प्रकार नांदतात. जे दोन-चार येथे आढळत नाहीत, त्यांच्यासाठी फार तर सांगलीकडे किंवा कोकणात उतरावे लागेल.

ज्यांना रक्ताभिसरण मुळीच नाही अशा जीवांचा विचार आधी केला पाहिजे, कारण अभिसरणाची गरज का पडते याचा उलगडा तेथेच होतो. पाणथळीत चरणाऱ्या मेंढीच्या यकृतात जो चपटा पर्णकृमी होतो, त्याच्या देहात ना हृदय असते, ना रक्तवाहिनी. द्रवात विरघळलेल्या पदार्थाचे कण आपल्या गतीने इकडून तिकडे पसरत असतात व अगदी थोड्या अंतरासाठी ही विसरणक्रिया पुरेशी जलद असते. मात्र अंतर दहापट वाढले की लागणारा वेळ शंभरपट वाढतो. केशवाहिन्यांच्या नियमनाविषयीच्या संशोधनासाठी १९२० चे नोबेल पारितोषिक ज्यांना मिळाले, त्या ऑगस्ट क्रोग या डॅनिश शास्त्रज्ञाने गणित मांडून दाखवले आहे की केवळ विसरणाच्या भरवशावर जगणाऱ्या गोलाकार जीवाची त्रिज्या मिलिमीटरच्या आसपासच राहिली पाहिजे. पर्णकृमी त्याहून पुष्कळ मोठा होतो खरा, परंतु तो चपटा राहून व आपली अन्ननलिका शाखोपशाखांनी देहभर पसरून ही मर्यादा पाळतो. शरीराला जाडी आली, की आतल्या पेशींपर्यंत द्रव ढकलून नेण्याची काही तरी तजवीज करणे भाग पडते.

ही तजवीज गांडुळाने फार पूर्वी, आणि अत्यंत नीटस, केलेली आहे. उसाच्या सरीत पाणी दिल्यावर वर आलेले एखादे गांडूळ ओल्या तळहातावर घेऊन उजेडाकडे धरले, तर त्याच्या पाठीच्या मध्यावरून एक काळपट तांबडी रेघ शेपटाकडून डोक्याकडे गेलेली दिसते आणि थोडा वेळ दृष्टी स्थिर ठेवली, तर त्या रेघेतून आकुंचनाच्या लाटा एकामागून एक पुढे सरकत असल्याचेही कळून येते. ही पृष्ठवाहिनी होय. लखनौ विद्यापीठातील प्राध्यापक कर्म नारायण बहल यांनी १९२६ मध्ये भारतीय गांडुळावर जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्यावर आपल्या देशातील प्राणिशास्त्राच्या कित्येक पिढ्या शिकल्या; त्या फेरेटिमा नावाच्या गांडुळात हृदयांच्या चार जोड्या असतात, आणि त्या सातव्या, नवव्या, बाराव्या व तेराव्या खंडात बसवलेल्या असतात. रक्त सर्वस्वी नळ्यांतून वाहते. बारीक केशवाहिन्या थेट ओलसर त्वचेखाली येऊन पोहोचतात, आणि गांडुळाला फुप्फुस वा कल्ले नसल्यामुळे सगळा श्वासोच्छ्वास त्या त्वचेतूनच चालतो. त्याच्या रक्तात हीमोग्लोबिन आहे, पण ते आपल्यासारखे पेशींत कोंडलेले नसून रक्तद्रवातच विरघळलेले असते; ते नळ्यांच्या भिंतींतून झिरपून जाऊ नये म्हणून त्याचा एकेक रेणू माणसाच्या हीमोग्लोबिनच्या रेणूपेक्षा पन्नासपटींहूनही जड असतो. कप्पे मोजून श्रेष्ठता ठरवणाऱ्याने या मातीतल्या जीवाची बंद वाहिन्यांची व्यवस्था पाहून क्षणभर थांबायला हवे.

कारण, गांडुळाच्या मानाने पुष्कळ चपळ आणि पुष्कळ हुशार असे जे खेकडे, कोळी व कीटक, त्यांची व्यवस्था मात्र उघडी आहे. नळीने प्रत्येक झाडाच्या बुडाशी थेंबथेंब नेलेले पाणी आणि दारे फोडून सरीत मोकळे सोडलेले पाणी, यांत जो भेद शेतकरी जाणतो, तोच बंद व उघड्या अभिसरणात आहे: उघड्या व्यवस्थेत हृदयातून निघालेला द्रव थोडे अंतर वाहिनीतून जाऊन अवयवांच्या सभोवतालच्या पोकळीत मोकळा पसरतो, त्यांना न्हाऊ घालतो आणि हृदयाच्या भिंतीतील छिद्रांवाटे पुन्हा आत ओढला जातो. येथे दाब कमी, वेग मंद. नदीकाठच्या बिळातल्या खेकड्याचा नांगा मोडला तर तेथून लाल रक्त येत नाही. जो पातळ द्रव पाझरतो तो हवेत राहिला की निळसर होतो, कारण प्राणवायू वाहून नेण्याचे काम त्यात लोहयुक्त हीमोग्लोबिन करीत नाही, तर ताम्रयुक्त हीमोसायनिन करते.

कोळ्याच्या बाबतीत या उघड्या द्रवाचा आणखी एक उपयोग आहे. कोळ्याच्या पायांतील काही मुख्य सांध्यांना पाय आत ओढणारे स्नायू आहेत, परंतु ताठ करणारे नाहीत; तो पाय ताठ करतो तो छातीतील द्रवाचा दाब वाढवून आणि तो पायांत लोटून. म्हणूनच घराच्या कोपऱ्यात मरून पडलेला कोळी नेहमी पाय पोटाशी घेतलेला आढळतो. जीव गेला की दाब ओसरतो आणि पाय आपोआप मुडपतात. माशीवर झडप घालणाऱ्या कोळ्याच्या उडीतही मागचे पाय ज्या जोराने झटकन सरळ होतात, तो जोर याच दाबाचा असतो. रक्ताने अन्न वाहावे, प्राणवायू वाहावा, हे आपण धरून चालतो. त्याने स्नायूचेही काम करावे, ही कल्पना आपल्या कप्प्यांच्या आकृतीत कोठेच बसत नाही.

कीटकांनी तर याहून धीट मार्ग पत्करला. झुरळाच्या पाठीत तेरा कप्प्यांचे लांबट नळीसारखे हृदय असते. केवळ कप्प्यांच्या संख्येवर निर्णय द्यायचा झाला, तर पहिला मान झुरळालाच द्यावा लागेल! परंतु त्याचे रक्त रंगहीन असते व प्राणवायूच्या वाहतुकीशी त्याचा फारसा संबंध नसतो. अंगाच्या दोन्ही बाजूंच्या छिद्रांतून हवा आत शिरते आणि फाटे फुटत फुटत सूक्ष्म झालेल्या वायुनलिका ती थेट पेशीपेशीपर्यंत पोहोचवतात. या रीतीला कोणी दरिद्री म्हणू नये. उडणाऱ्या मधमाशीच्या पंखांचे स्नायू ज्या प्रमाणात प्राणवायू खर्च करतात, ते प्रमाण प्राणिसृष्टीत ज्ञात असलेल्या सर्वोच्च प्रमाणांपैकी आहे, आणि हे सगळे प्राणवायूच्या कामातून मोकळ्या केलेल्या रक्तावर चालते. मात्र हवा नळ्यांतून दूरवर पोहोचवणे देह मोठा होऊ लागला की अवघड होत जाते. कीटक आकाराने लहान राहिले याच्या अनेक कारणांपैकी हे एक मानले जाते.

कीटकांचे रक्त प्राणवायू वाहत नाही, या नियमाला अपवादही येथेच, संगमाच्या खालच्या पाण्यात, सापडावा हे खेदजनक आहे. पुणे शहराचे सांडपाणी घेऊन येणाऱ्या मुळा-मुठेच्या पाण्यात कुजणाऱ्या द्रव्यांमुळे प्राणवायूचा दुष्काळ पडतो, वर जलपर्णी माजते, आणि तळच्या काळ्या गाळात जे थोडे जीव तग धरतात त्यांत कायरोनोमस नावाच्या डाससदृश कीटकाच्या लालभडक अळ्या असतात. कीटकजातीत दुर्मिळ असलेले हीमोग्लोबिन या अळ्यांच्या रक्तात आहे. प्राणवायूची टंचाई जेथे असह्य होते, तेथे त्यांना प्राणवायूचा साठा व पुरवठा या दोन्हींसाठी या हीमोग्लोबिनचा आधार होतो. या अळ्यांची दाटी वाढली की पाणी बिघडले, असा निष्कर्ष जलपरीक्षक काढतात, आणि भीमाकाठच्या लोकांनी तो गंभीरपणे घ्यावा.

मृदुकाय प्राण्यांविषयी थोडक्यात सांगायचे तर, नदीतल्या शिंपल्याचे हृदय आतड्याभोवती गुंडाळलेले असते, म्हणजे अन्नमार्ग सरळ हृदयातून आरपार जातो. आणि कोकणच्या बाजारात मिळणारे माकुल त्याच कुळातले असूनही शिकारी व वेगवान असल्यामुळे त्याने उघडी व्यवस्था टाकून बंद वाहिन्या स्वीकारल्या, आणि दोन्ही कल्ल्यांपाशी एकेक जादा हृदय बसवून एकंदर तीन हृदये केली. एकाच कुळात गोगलगायीची मंद व माकुलाची जलद अशा दोन्ही तऱ्हा असाव्यात, हे वंशापेक्षा राहणीचे महत्त्व दाखवणारे उदाहरण आहे.

नदीत डुंबून आलेल्या म्हशीच्या अंगाला चिकटलेली जळूही अशीच विचारात पाडते. ती गांडुळाच्या गणगोतातली. पण आपल्याकडील गुरांना लागणाऱ्या जळवेने खऱ्या रक्तवाहिन्या जवळजवळ सोडून दिल्या आणि देहपोकळीचेच चार लांब मार्ग करून त्यांतून आपला लाल द्रव खेळवला, त्यांपैकी बाजूचे दोन आकुंचन पावून हृदयाचे काम करतात. सुश्रुतसंहितेत जळवांचे बारा प्रकार सांगितले असून सहा सविष व सहा निर्विष मानले आहेत. दूषित रक्त काढण्यासाठी निर्विष जळू कशी लावावी, रक्त प्यायल्यावर तिला ते कसे ओकवावे, याचे त्या ग्रंथातील विवेचन पाहता, आपल्या पूर्वजांचे या क्षुद्र प्राण्याकडे किती बारीक लक्ष होते याची खात्री पटते.

रक्त वर्तुळाकार फिरते हे मात्र निःसंशय सिद्ध झाले ते १६२८ मध्ये, म्हणजे शिवजन्माच्या दोन वर्षे आधी, विल्यम हार्वी या इंग्रज वैद्याच्या फ्रँकफुर्ट येथे छापलेल्या लॅटिन ग्रंथाने. रक्त हृदयाच्या उजव्या भागातून डाव्या भागात फुप्फुसांवाटे जाते, हे कैरो येथील इब्न अल-नफीस याने तेराव्या शतकातच लिहून ठेवले होते; परंतु हार्वीने हिशेबाची कसोटी लावली. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारे रक्त मोजले, तर अर्ध्या तासात त्याची बेरीज सबंध शरीरातील रक्ताहून अधिक होते. एवढे नवे रक्त अन्नापासून क्षणोक्षणी तयार होणे अशक्य, तेव्हा तेच रक्त परत येत असले पाहिजे. हार्वीची निरीक्षणे केवळ माणसापुरती नव्हती, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष मोलाची आहे. उष्ण रक्ताच्या प्राण्याचे हृदय इतक्या त्वरेने हलते की डोळ्याला काही उमगत नाही, म्हणून तो बेडूक, साप, मासे, गोगलगायी यांच्या सावकाश चालणाऱ्या हृदयांकडे वळला, आणि टेम्स नदीतल्या पारदर्शक कोळंबीचे हृदय तर त्याने तिचे अंग न कापता पाहिले. रोहिण्यांतून नीलांत रक्त नेमके कोठून जाते हे त्याला दिसले नाही. ते इटलीतील मार्चेल्लो माल्पिगी याने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहून १६६१ मध्ये जाहीर केले.

आता पृष्ठवंशीय प्राण्यांकडे येऊ. भोयाच्या जाळ्यात येणाऱ्या कटल्याच्या किंवा रोहूच्या हृदयात रक्त घेणारा एक अलिंद व ते पुढे लोटणारा एक निलय असतो. रक्त हृदयातून कल्ल्यांकडे, तेथून शुद्ध होऊन परस्पर सर्व शरीराकडे आणि मग परत हृदयाकडे, असा एकेरी फेरा करते. कल्ल्यांच्या बारीक वाहिन्यांतून जाताना दाबाचा बराच भाग खर्च होतो, व हृदयात येणारे सर्व रक्त वापरलेले असल्यामुळे आतल्या मांसतंतूंना उरल्यासुरल्या प्राणवायूवर गुजराण करावी लागते. पण पाणी देहाचा भार उचलीत असते, आणि रक्ताला गुरुत्वाविरुद्ध उंच चढायचे नसते; त्या जीवनाला ही व्यवस्था पुरून उरते.

पुरत नाही ती मरळीला. बाजारात मरळ पाटीत जिवंत, वळवळती विकली जाते, हे सर्वांनी पाहिलेले आहे. डोक्याच्या पोकळीत तिला हवा घेण्याचे खास अवयव असतात आणि ती पृष्ठभागावर येऊन हवा गिळते. वर येऊ दिले नाही तर पाण्यातली ही मासोळी पाण्यातच गुदमरून मरते. हवेतून प्राणवायू घेतलेले तिचे रक्त मात्र थेट शरीराकडे न जाता नीलांत उतरून आधी हृदयाकडे येते व अशुद्ध रक्तात मिसळते. हे मिश्रण पाहून कोणी नाक मुरडील. परंतु उन्हाळ्यात डबके आटत आले आणि पाण्यातला प्राणवायू संपला की कटला तडफडून मरतो, मरळ चिखलात जगते, आणि तिच्या हृदयालाही याच मिश्रणामुळे चार घास अधिक मिळतात.

हाच न्याय बेडकाला लावला पाहिजे. त्याला दोन अलिंद व एकच निलय, म्हणून शुद्ध व अशुद्ध रक्ताची सरमिसळ होते, असे शिकवतात आणि दोष त्याच्या पदरी टाकतात. वस्तुतः निलयाच्या आतल्या घड्या आणि पुढच्या वाहिनीतला मळसूत्री पडदा यांमुळे दोन्ही प्रवाह बऱ्याच अंशी वेगळे राहतात. शिवाय बेडूक नुसत्या फुप्फुसांनी श्वास घेत नाही, त्वचेनेही घेतो. फुप्फुसांतले रक्त डाव्या अलिंदात येते, पण त्वचेतून प्राणवायू घेऊन आलेले रक्त इतर नीलांबरोबर उजव्या अलिंदात उतरते. बेडकाने पाण्यात बुडी मारली की फुप्फुसे निरुपयोगी होतात आणि ज्याला आपण अशुद्ध बाजू म्हणतो तिच्याकडूनच प्राणवायू येऊ लागतो. निलयात पक्की भिंत असती, तर तो पुरवठा सरळ शरीराला मिळाला नसता.

बहुतेक सरपटणाऱ्या प्राण्यांत ही भिंत अर्धवट असते व तिचा उपयोग प्रत्येक जण आपापल्या गरजेप्रमाणे करून घेतो. भीमेतले कासव बुडी मारून बसले की हृदय मंद करते आणि फुप्फुसांकडचा प्रवाह आखडून तेच रक्त पुन्हा शरीराकडे वळवते. माळावरची घोरपड, जी धावते, चढते व शिकार करते, तिच्यात निलय आकुंचन पावताना भिंत अशी घट्ट मिटते की शरीराकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब फुप्फुसांकडच्या दाबाहून पुष्कळ अधिक राहतो. कप्पे तीन, काम चारांचे. आणि चौथा कप्पा हे उष्ण रक्ताचे बिरुद समजणाऱ्यांनी सांगलीजवळ कृष्णेत किंवा महाडजवळ सावित्रीत ऊन खात पडलेल्या मगरीचा विचार करावा, जिचे रक्त थंड असून हृदय पूर्ण चार कप्प्यांचे आहे. इतकेच करून ती थांबत नाही: तिच्या उजव्या निलयातूनही एक महारोहिणी निघते, दोन महारोहिण्यांच्या मध्ये पानिझा या इटालियन शरीरज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे छिद्र असते, आणि त्या द्वारे पाण्याखाली असताना रक्त फुप्फुसांना टाळून वळवण्याची मुभा ती राखून ठेवते.

पक्ष्यांना अशी मुभा परवडत नाही. शिरूर तालुक्यातच मोराची चिंचोली हे गाव मोरांसाठी प्रसिद्ध आहे. तेथला मोर, परसातली कोंबडी, वळचणीची चिमणी, या सर्वांत शुद्ध व अशुद्ध रक्ताचे मार्ग पूर्णतः अलग असतात, हृदय देहाच्या मानाने सस्तन प्राण्यांपेक्षा मोठे असते, आणि महारोहिणी उजवीकडे वळते, आपली डावीकडे. पक्षी व सस्तन प्राणी एकमेकांची नक्कल न करता, स्वतंत्रपणे, चार कप्प्यांपर्यंत आले याची ही जणू सही आहे. भीमेवरच खाली, १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणच्या परिसरात हिवाळ्यात पट्टकादंब हंस उतरतात. हिमालय ओलांडताना हा पक्षी सात हजार मीटरांहून अधिक उंचीवर उडाल्याची नोंद आहे. त्याचे हीमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू अधिक घट्ट धरून ठेवते व हृदयाच्या स्नायूत केशवाहिन्यांचे जाळे दाट असते.

सस्तन प्राण्यांसाठी या गावात गोठ्यापर्यंत गेले तरी पुरे. घोड्याची नाडी जबड्याच्या खालच्या कडेशी, शेळी-मेंढीची मांडीच्या आतल्या अंगाला आणि गाईची शेपटाच्या बुडाशी, खालच्या बाजूने, पाहतात. गाईच्या त्या जागी बोट ठेवले की मिनिटाला साधारणपणे साठ ते ऐंशी ठोके लागतात. बाजारात दुभती गाय पारखणारा जाणता माणूस कासेबरोबरच पोटाखालून पुढे गेलेली दुधाची शीर हाताने चाचपतो, आणि त्याची पारख शास्त्राला धरूनच आहे, कारण कासेतून परतणाऱ्या रक्ताचा तो एक मोठा मार्ग आहे. एक लिटर दूध तयार होण्यासाठी कासेतून सुमारे चारशे ते पाचशे लिटर रक्त वाहावे लागते. चारशे किलो वजनाच्या गाईत एकंदर रक्त तीस लिटरांच्या आसपास. म्हणजे दिवसाला दहा लिटर दूध देणाऱ्या गाईच्या कासेतून चार-पाच हजार लिटर रक्त जाते, आणि तिचे सर्व रक्त तेवढ्यात सुमारे दीडशे वेळा तेथून फिरते, हा हिशेब हार्वीलाही आवडला असता.

याच गाईच्या हृदयाशेजारी एक धोका सदैव उभा असतो. रवंथ करणारे जनावर वैरण घाईने गिळते. कडबाकुट्टीतून आलेला तारेचा तुकडा वा खिळा वाढ्याबरोबर पोटात गेला, तर जड असल्यामुळे तो जाळीपोटात बसतो, आणि जाळीपोट व हृदय यांच्यामध्ये काय ते पातळ श्वासपटल असते. पोट आकुंचन पावता पावता तार पटल भेदून हृदयावरणात शिरते, तेथे पू साठतो, हृदयाला फुलायला जागा उरत नाही, परतणारे रक्त तुंबते. मग गळ्याची शीर दोरीसारखी टरारून फुगते, गळ्याखाली पोळीत पाणी उतरते, आणि गाय कोपरे बाहेर काढून उभी राहते व उताराला पाय टाकताना कण्हते. या अवस्थेला पोहोचलेले जनावर क्वचितच वाचते. म्हणून गव्हाणीत वैरण टाकण्यापूर्वी ती नजरेखालून घालणे, हाच खरा बंदोबस्त होय.

राहता राहिले वासरू. गर्भाशयात त्याला प्राणवायू मिळतो तो नाळेवाटे, फुप्फुसांतून नव्हे. म्हणून दोन अलिंदांच्या मधल्या पडद्यात एक खिडकी उघडी असते, आणि फुप्फुसाची रोहिणी व महारोहिणी यांना जोडणारी एक आखूड नळीही असते, जेणेकरून रक्त मिटलेल्या फुप्फुसांना वळसा घालून शरीराकडे जाते. बेडकात ज्याला उणीव म्हटले ते मिश्रण येथे चार कप्प्यांच्या हृदयानेच, गरजेपोटी, पत्करलेले असते. वासरू जन्मून पहिला श्वास घेते, फुप्फुसे उलगडतात, तिकडचा अडथळा कमी होऊन रक्त आत शिरते, डाव्या अलिंदातला दाब वाढतो व खिडकीवरचा पडदा लोटला जातो. नळी प्राणवायूच्या स्पर्शाने आकसू लागते आणि पुढे तिचा नुसता तंतू उरतो. ज्या वासरात ती उघडीच राहते, त्याच्या छातीला श्रवणनलिका लावली असता दोन ठोक्यांच्या मधल्या अवकाशातही न थांबणारी सलग घरघर ऐकू येते. ते चार पावले धावले की धापा टाकते, आणि त्याची वाढ बरोबरीच्या वासरांच्या मागे पडते.